तळघर खणले म्हणजे वाइन मुरत नाही

मा. संपादक,
स. न.

घरातल्या वाइन सेलरविषयी आपल्या पुरवणीत नुकताच सचित्र लेख आला. छायाचित्रे देखणी होती. जिन्याखाली काचेचे दालन, बाटल्यांच्या मागून पिवळ्या दिव्यांची पट्टी, आणि पलीकडे हातभर अंतरावर स्वयंपाकघराचा ओटा. लेखात एक वाक्य असे होते की बंगल्याला तळघर असेल तर निम्मे काम झालेच, कारण खाली नैसर्गिक गारवा असतो. त्या वाक्यावर विसंबून कुणी खणायला घेण्याआधी चार गोष्टी सांगायच्या आहेत. पत्र लांबले आहे, पण विषय मोघम सांगून उपयोगाचा नाही.

युरोपातले तळघर गार असते, त्यात तळघराची करामत थोडी आणि गावच्या हवेची जास्त. जमिनीत पंधरा-वीस फूट खाली गेले की दिवस-रात्रीचा फरक पोचत नाही, उन्हाळा-हिवाळ्याचाही बराच मंदावतो आणि तापमान त्या गावच्या वर्षभराच्या सरासरीजवळ येऊन थांबते. शॅम्पेनच्या मुलखातल्या रँस शहराची ही सरासरी ११ अंशांच्या आसपास आहे, म्हणून तिथल्या खडूच्या जुन्या खाणींत बाराही महिने १० ते १२ अंश सेल्सिअस मिळतात, तेही फुकट. पुण्याची सरासरी २५ च्या आगेमागे, मुंबई आणि नागपूरची २७ च्या. म्हणजे इथे विहिरीइतके खोल गेलात तरी खाली २५ ते २७ अंशच भेटणार. आपल्याकडे विहिरीचे पाणी थंडीत पहाटे कोमट लागते ते याचमुळे. मे महिन्यात ४० अंशांतून तळघरात उतरलेल्या माणसाला २६ अंश गार वाटतात खरे, पण बाटलीने बाहेरचे ऊन पाहिलेले नसते. वाइन वर्षानुवर्षे मुरवायची तर १२ ते १४ अंश लागतात. रँसला जे जमीन देते ते आपल्याला विजेच्या बिलातून विकत घ्यावे लागते, आणि घरात किती बाटल्या ठेवायच्या, कोणत्या ठेवायच्या, हा सगळा हिशोब तिथून सुरू होतो.

उष्णतेने नेमके काय बिघडते ते एका बाटलीवर पाहू. ७५० मिलिलिटरची बाटली, मानेचा आतला व्यास साडेअठरा मिलिमीटर. त्यात २४ मिलिमीटर जाडीचे बूच दाबून बसवलेले असते आणि बुचाखाली साधारण १५ मिलिमीटर मोकळी जागा सोडलेली असते. हिशोब केला तर ही जागा भरते चार मिलिलिटर. आता वाइन २० अंशांवरून ४० वर गेली की ती पाच मिलिलिटरहून थोडी अधिक फुगते. जागा चारची, वाढ पाचाची. मधली हवा किती दबणार? मग एक तर बूच एखाद-दोन मिलिमीटर वर सरकते, नाहीतर द्रव बुचाच्या कडेने वाट काढतो. रात्री गार झाल्यावर वाइन आकसते आणि त्याच वाटेने बाहेरची हवा आत ओढली जाते. उन्हाळाभर हा भाता रोज चालला की बाटलीतला प्राणवायू वाढत जातो. लाल वाइनचा रंग विटकरी होतो, पांढरी काळपट सोनेरी दिसू लागते आणि वासात ताज्या फळाऐवजी उकडलेल्या मनुका येतात. अशी बाटली उघडल्यावर बूच हातात घेऊन पाहावे. निरोगी बुचाचा फक्त खालचा चेहरा रंगलेला असतो. कडेने वरपर्यंत जांभळी रेघ गेलेली असेल तर ती बाटली कुठेतरी तापलेली आहे, मग ती तुमच्या घरी असो, गोदामात असो की टेम्पोत.

यावर कुणी म्हणेल की नाशिकच्या बऱ्याच बाटल्यांना आता बूच नसतेच, फिरकीचे झाकण असते. झाकणाने गळती थांबते, आतले शिजणे थांबत नाही. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. पण सगळ्या क्रिया सारख्या पटीत वाढत नाहीत, आणि खरी ग्यानबाची मेख तिथे आहे. थंडाव्यात टॅनिनचे, म्हणजे द्राक्षाच्या सालीबियांतून उतरलेल्या तुरट द्रव्याचे, रेणू सावकाश एकमेकांना जोडले जातात, रंगद्रव्यांशी बांधले जातात, जड होऊन तळाशी बसतात, आणि चहासारखा जिभेला ओढणारा तुरटपणा मऊ होतो. उष्णतेत ही जोडणी होण्याआधीच सुगंध देणारी द्रव्ये मोडून गेलेली असतात. साखरांबा उन्हात ठेवून लवकर मुरवता येतो, वाइनला ती सोय नाही. अपवाद पोर्तुगालच्या मदिरा नावाच्या बेटावरच्या वाइनचा. तिथे मुद्दाम ४५ ते ५० अंशांवर किमान तीन महिने तापवतात. पूर्वी तिची पिंपे जहाजातून उष्ण कटिबंध ओलांडून हिंदुस्थानपर्यंत येत आणि परत जात, तेव्हा कळले की या प्रवासाने ती सुधारते. पण तिच्यात वरून मद्यार्क घातलेला असतो आणि तिची आम्लताही कडक असते. तिचे उदाहरण देऊन बाकीच्या बाटल्या माळ्यावर टाकू नयेत.

आता मुरवण्याजोग्या बाटल्या कोणत्या? थोड्याच. जगात विकली जाणारी बहुतेक वाइन वर्ष-दोन वर्षांत प्यावी म्हणूनच केलेली असते. नाशिकची शेनँ ब्लाँ, सोव्हिन्याँ ब्लाँ आणि रोझे या तिन्ही घेतल्यापासून वर्षभरात संपवाव्यात, त्यांचा ताजेपणा हाच त्यांचा गुण. शॅम्पेन पद्धतीने केलेली फेसाळ वाइन कारखान्यातच यीस्टच्या गाळावर मुरून आलेली असते, घरी ठेवून तिचा फक्त फेस मंदावतो. गोव्याहून हौसेने आणलेली गोड पोर्ट वाइन पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातल्या व्हिंटेज पोर्टशी नावापुरतीच सारखी. दोरूची काही दशके मुरते, गोव्याची आणल्या वर्षी संपवावी.

आपल्याकडच्या लाल वाइनपैकी ओकच्या पिंपात ठेवलेल्या वरच्या श्रेणीच्या बाटल्या मात्र काही वर्षे ठेवण्याजोग्या आहेत. सुलाची रासा, अकलूजच्या फ्रातेल्लीची सेत्ते, ग्रोव्हरची ला रिझर्व्ह, यॉर्कची अरोस ही पटकन आठवणारी नावे. नीट गारव्यात त्यांना तीन ते सहा वर्षे द्यावीत, त्याहून अधिक नको असे माझे मत आहे. कारण चवीचे कमी आणि रसायनाचे जास्त आहे. उष्ण मुलखातल्या द्राक्षात साखर लवकर भरते आणि आम्लता उतरते, त्यामुळे वाइनचा पीएच चढा राहतो. बाटलीत राखणीला जो मोकळा सल्फर डायऑक्साइड असतो, त्यातला पीएच ३.२ असताना सुमारे ४ टक्के भाग जंतू रोखण्याच्या कामी येतो. पीएच ३.८ झाला की तोच भाग १ टक्क्यावर येतो. राखणदार तेवढेच, पण जागे असतात चौथाईच. थंड प्रदेशातल्या कमी पीएचच्या वाइनला दीर्घायुष्य मिळते त्यात या गणिताचा वाटा मोठा आहे. बाहेरच्यांपैकी इटलीची बारोलो, बोर्दोच्या नामांकित लाल वाइन, रिओहाची ग्रान रेसेर्वा, जर्मनीची रीसलिंग आणि गोड सोतेर्न यांच्यासाठी गारव्याचा खर्च करणे पटते.

जाता जाता लेबलावरच्या सालाबद्दल. नाशिकला पावसाळा संपताना छाटणी होते आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये. फ्रान्समध्ये तोडणी सप्टेंबरच्या सुमारास. म्हणजे दोन्ही लेबलांवर २०२४ असले तरी नाशिकची बाटली सहा-सात महिन्यांनी थोरली असते. वय मोजताना हे धरावे.

घरात पाच-दहा बाटल्या असतील आणि त्या सहा-आठ महिन्यांत संपणार असतील, तर कोणतेही यंत्र घेऊ नये. घरातली सर्वांत स्थिर जागा शोधावी. ती जागा कमाल-किमान तापमान टिपणाऱ्या साध्या डिजिटल थर्मामीटरने सापडते, तळहाताच्या अंदाजाने नाही. रिकाम्या बाटलीत पाणी भरावे, थर्मामीटरची तार तिच्यात सोडावी, तोंड बंद करावे आणि ती बाटली संशयित जागी आठवडाभर ठेवावी. हवेचे आकडे दार उघडझापीने नाचतात. पाण्याचा आकडा वाइनला काय भोगावे लागते ते सांगतो. बहुतेक फ्लॅटमध्ये ही जागा आतल्या खोलीतल्या, बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या कपाटाचा तळचा खण निघते. फ्रिजचा माथा, ओट्यावरचे फडताळ, पश्चिमेची भिंत आणि वरच्या मजल्यावरचा पोटमाळा या जागा बाद. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खाली सोडतो, त्यामुळे माळ्यावर पहाटेसुद्धा गारवा नसतो. मासळी बाजारात मिळणारी जाड थर्माकोलची पेटी झाकणासह कपाटात ठेवली तर रोजची चढउतार पुष्कळ बोथट होते. सरासरी मात्र ती कमी करत नाही, हे लक्षात असू द्यावे. अशा ठिकाणी पांढरी वाइन सहा महिने आणि लाल वर्षभर, इतपतच मुदत धरावी.

मातीच्या रांजणात ओल्या वाळूत बाटल्या पुरायची सूचना दर उन्हाळ्यात कुणीतरी करते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत बाष्पीभवनाने गारवा खरेच मिळतो, पण ४२ अंशांच्या दुपारी तो २३-२४ अंशांपर्यंतच उतरतो. मुंबईच्या दमट हवेत तेवढाही नाही. लेबले गळून पडतात ते वेगळेच.

घरातल्या फ्रिजमध्ये २ ते ५ अंश असतात. पांढऱ्या वाइनला महिना-दोन महिने तिथे ठेवायला काही हरकत नाही. वर्षभर नको, कारण फ्रॉस्ट-फ्री फ्रिजची हवा फार कोरडी असते आणि बुचाचे बाहेरचे टोक आक्रसते. मुरणेही तिथे जवळजवळ थांबते.

यानंतरची पायरी म्हणजे वाइन कूलरचे कपाट, आणि फसगत सर्वांत जास्त इथे होते. स्वस्तातली, आवाज न करणारी कपाटे पेल्टिये तत्त्वावर, म्हणजे वीज सोडली की एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने गरम होणाऱ्या चकतीवर चालतात. त्यांच्यात कॉम्प्रेसर नसतो. ती खोलीच्या तापमानाखाली दहा ते पंधरा अंशच जाऊ शकतात. खोलीत ३८ असतील तर आत २३ ते २८. विक्रेता एसी चालू असलेल्या दुकानात १२ चा आकडा दाखवतो, तो खोटा नसतो, पण तुमच्या बैठकीत मे महिन्यात तो दिसणार नाही. म्हणून कॉम्प्रेसरचेच कपाट घ्यावे आणि मागच्या पट्टीवरचा हवामान-वर्ग वाचावा. एन वर्ग ३२ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी, एसटी ३८ पर्यंत आणि टी ४३ पर्यंत. आयात कपाटांपैकी बरीच एन वर्गाची असतात, कारण ती ज्या घरांसाठी बनतात तिथे खोली तापतच नाही. आपल्याकडे टी हवा. विदर्भ-खानदेशात तर टीखेरीज विचारच करू नये.

कपाट बसवताना सुताराला आधी सांगून ठेवावे. ज्याच्या पाठीतून गरम हवा निघते ते कपाट फर्निचरमध्ये चिणायचे नसते. मागे आणि वर किमान चार इंच मोकळे हवेत. चिणायचेच असेल तर पुढच्या जाळीतून हवा सोडणारे मॉडेल वेगळे मिळते. चुकीचे चिणले की कॉम्प्रेसर आपलीच गरम हवा परत घेतो, दिवसभर बंद होत नाही आणि दोन उन्हाळ्यांत जातो. काचेच्या दारापेक्षा भरीव दार बरे. काचेच्या दाराच्या मध्यम कपाटात, ते बाटल्यांनी भरलेले असताना, चार तास वीज गेली तर बाटल्या सुमारे तीन-चार अंशांनी वर जातात. अर्धे रिकामे कपाट याहून लवकर तापते, म्हणून रिकाम्या खणांत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवाव्यात. ग्रामीण भागात व्होल्टेज स्टॅबिलायझर लावणे आलेच. तापमान १३ वर ठेवावे आणि तिथेच सोडावे. पाहुणे येणार म्हणून आठवर आणायचे, मग परत तेरावर, असे करू नये.

खोलीच बांधायची असेल तर सर्वांत आधी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयात जाऊन यावे. महाराष्ट्रात मद्य जवळ बाळगायला परवाना लागतो आणि परवान्यावरही साठ्याची मर्यादा आहे. तीनशे बाटल्यांचा आराखडा रंगवून झाल्यावर हे कळणे महागात पडते. गोव्याहून किंवा कर्नाटकातून बाटल्या आणण्यालाही नियम लागू आहेत. आपल्या लेखात याचा उल्लेख नव्हता.

ही पायरी ओलांडली असे धरून आकडे पाहू. ५ फूट लांब, ५ फूट रुंद, ८ फूट उंच खोली. भिंती, छत आणि जमीन मिळून २१० चौरस फूट पृष्ठभाग होतो. बाहेर ३५ अंश, आत १३. नऊ इंची विटांची प्लॅस्टर केलेली भिंत असेल तर या पृष्ठभागातून साधारण ९०० वॅट उष्णता अखंड आत येत राहते. तीच खोली १०० मिलिमीटरच्या पफ पॅनलने, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये पॉलियुरेथेन फोम भरलेल्या फळ्यांनी, सहाही बाजूंनी मढवली तर १०० वॅट. नऊपटींचा हा फरक दर महिन्याच्या बिलात दिसतो. सहाही बाजूंनी, हे शब्द महत्त्वाचे आहेत. छत विसरत नाहीत, फरशी हमखास विसरतात.

पॅनल लावण्याआधी बाष्प अडवणारा प्लॅस्टिकचा कागद लावायचा. दीड-दोनशे मायक्रॉनचा पॉलिथिन चालतो. तो पॅनलच्या बाहेरच्या, म्हणजे उबदार बाजूला हवा. थंड देशांत राहत्या घरांना तो आतून लावतात आणि तिकडचे आराखडे पाहून इथे काम करणारे नेमके उलटे करतात. परिणाम पहिल्या पावसाळ्यात दिसतो. जुलैत कोकणातली हवा २८ अंश आणि ९० टक्के दमट असते, अशा हवेतले पाणी २६ अंशांच्या कोणत्याही पृष्ठभागावर सुटते. ती हवा पॅनलच्या फटीतून १३ अंशांच्या पत्र्यापर्यंत पोचली की भिंतीच्या पोटात पाणी साचते, लाकूड फुगते, दोन महिन्यांत कुबट वास येऊ लागतो आणि वरून काहीच दिसत नाही. सांधे पॉलियुरेथेन फोमने भरून वर टेप लावावी. वायरी आणि पाइपांची भोकेही तशीच बुजवावीत. दाराला चारही बाजूंनी रबरी गॅस्केट हवे. उंबरठ्याजवळची बोटभर फट सगळ्या कामावर पाणी फिरवते. दार लावून आत विजेरी पेटवावी आणि बाहेर अंधार करावा. जिथून उजेड दिसेल तिथून हवा येते.

साधा स्प्लिट एसी इथे चालत नाही. तो १६ अंशांखाली सेटच होत नाही, आणि उन्हाळ्यात १६ गाठायला अखंड धावतो. त्याचे आतले कॉइल लहान आणि फार थंड असल्याने हवेतले पाणी ओढून घेते. आर्द्रता चाळिशीत जाते, कॉइलवर बर्फ धरतो. सेलरसाठीच्या यंत्राचे कॉइल मोठे असते, ते हवेपेक्षा थोडेच थंड राहते आणि ६० ते ७० टक्के आर्द्रता टिकवते. त्याची गरम हवा बाहेर मोकळ्यावर सोडावी. जिन्याखालच्याच बंदिस्त पोकळीत सोडली तर ती पोकळी पंचेचाळीस अंशांवर जाते आणि यंत्र ट्रिप होत राहते. ठिबकणाऱ्या पाण्याला उतार आणि यू-आकाराचा सापळा असलेली नळी हवी, नाहीतर त्याच नळीतून दमट हवा आत येते. हे काम सजावटकारापेक्षा कोल्ड स्टोरेज बांधणाऱ्यांकडून करून घ्यावे. द्राक्षनिर्यातीमुळे नाशिक-सांगलीकडे प्री-कूलिंगच्या, म्हणजे तोडलेली द्राक्षे गार करण्याच्या, खोल्या बांधणारे चांगले कारागीर आहेत. त्यांना पॅनलचा सांधा कसा असावा हे शिकवावे लागत नाही. फक्त त्यांना आधी सांगावे की इथे शून्य अंश नको, तेरा हवेत.

रॅक लोखंडी किंवा साध्या, प्रक्रिया न केलेल्या लाकडाचे असावेत. भरलेली बाटली सव्वा ते दीड किलोची, तेव्हा तीनशे बाटल्यांचे चारशे किलोंच्या पुढे जाते. रॅक भिंतीला धरून ठेवण्यापुरते बांधावे, भार जमिनीवर द्यावा. वाळवी मारणारे औषध पाजलेले लाकूड आत आणू नये. क्लोरिन किंवा ब्रोमिन असलेल्या रसायनांपासून बुरशी अ‍ॅनिसोल नावाची द्रव्ये तयार करते. ती हवेतून बुचात शिरतात आणि मग बाटलीला ओल्या पुठ्ठ्याचा, भिजल्या गोणपाटाचा वास लागतो. याच कारणाने भिंतीवर बुरशी आली तर ब्लीचिंग पावडरने धुऊ नये. धुण्याचा सोडा आणि गरम पाणी पुरते. कसर लेबले खाते, लेबलाची खळ तिला फार आवडते. पण म्हणून डांबराच्या गोळ्या टाकायच्या नाहीत, तो वास बूच शोषून घेते आणि सोडत नाही. बाटलीला स्वयंपाकघरातल्या क्लिंग फिल्मचे दोन वेढे द्यावेत, कसर आणि बुरशी दोन्ही दूर राहतात. रंग लावला असेल तर खोली तीन-चार आठवडे उघडी ठेवावी. कांदे-बटाटे, लोणच्याच्या बरण्या यांना या खोलीत जागा नाही.

बुचाच्या बाटल्या आडव्या, म्हणजे बूच आतून ओले राहते. फिरकीच्या झाकणाच्या कशाही ठेवा. फेसाळ वाइन उभी चालते. उजेडाबद्दल मात्र त्या छायाचित्रामुळे दोन ओळी अधिक. उजेडातला निळा आणि अतिनील भाग वाइनमधल्या रिबोफ्लेविनला (ब-२ जीवनसत्त्वाला) चेतवतो, त्यातून गंधकयुक्त द्रव्ये सुटतात आणि शिजलेल्या कोबीचा, ओल्या लोकरीचा वास येतो. पारदर्शक काचेच्या बाटलीत हे उन्हात तास-दोन तासांत होते. गडद हिरवी किंवा तपकिरी काच बरेच अडवते, सगळे नाही. बाटल्यांच्या मागे चोवीस तास दिवा जाळणे हा शोभेचा प्रकार झाला. एक मंद एलईडी, दार उघडल्यावर लागणारा आणि मिटल्यावर विझणारा, एवढा पुरे.

खरेदी करताना दुकानाच्या दर्शनी काचेत उभी असलेली बाटली घेऊ नये, मागच्या खोक्यातली मागावी. मानेतल्या वाइनची पातळी शेजारच्या बाटल्यांशी ताडून पाहावी. बुचावरचे आवरण फुगलेले किंवा चिकट असेल तर परत ठेवावी. उन्हाळ्यात बाटल्या गाडीच्या डिकीत ठेवून लग्नाला जाऊ नये, बंद गाडीत साठ अंशांपर्यंत पारा जातो. मुरवायची वाइन एकेकटी न घेता एकाच तोडणीच्या तीन किंवा सहा घ्याव्यात, वर्षाआड एक उघडावी आणि वहीत टिपावे: खण, रांग, नाव, साल, घेतल्याची तारीख, उघडल्याची तारीख, रंग, तुरटपणा. तिसरी बाटली दुसरीपेक्षा उतरलेली वाटली तर उरलेल्या त्याच वर्षी संपवाव्यात.

उघडण्यापूर्वी जुनी लाल बाटली एक-दोन दिवस उभी करून ठेवावी, म्हणजे साका तळाशी बसतो. बूच दहा वर्षांहून जुने असेल तर मळसूत्राने त्याचा भुगा होतो. दोन पातळ पाती असलेला चिमटा मिळतो, त्याची पाती बूच आणि काच यांच्यामध्ये आळीपाळीने झुलवत उतरवावीत आणि पिळत वर घ्यावे. मानेखाली विजेरी धरून एकाच संथ धारेने दुसऱ्या भांड्यात ओतावे आणि खांद्याशी साक्याची काळी रेघ दिसली की थांबावे. अर्धी वाटी मागे राहते, राहू द्यावी. फार जुनी वाइन ओतल्यावर तासभरसुद्धा ताटकळत ठेवू नये, तरुण आणि तुरट असेल तर तासभराच्या हवेने ती मोकळी होते. आणि लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी असे जे म्हणतात, ती खोली हीटर येण्यापूर्वीच्या युरोपातली, १६ ते १८ अंशांची. ३२ अंशांच्या पुण्यातल्या बैठकीत ती बाटली आधी काही वेळ फ्रिजमध्ये ठेवावी लागते.

आपला,
एक वाचक, नाशिक